एक ताट परत

प्रिय बाबा,

काल दुपारी पोस्टमन रजिस्टरचं पाकीट देऊन गेला. मी ऑफिसातून आले तेव्हा ते तुमच्या फोटोपुढे ठेवलेलं होतं. आई म्हणाली, "सरकारचं आहे वं. म्या नाही उघडलं. तूच पाह्य." मी उघडलं, वाचलं, आणि तशीच पर्ससकट खाली बसले.

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. आज लिहिते, कारण हे सगळं आईला पुरतं सांगता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. आणि सोमवारच्या आत तुम्हाला एक विचारायचं आहे. विचारायचं कसलं, सांगायचंच आहे. तुम्ही कुठं आता नाही म्हणायला येता?

पाकिटात दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे चौकशी समितीच्या अहवालाची प्रत, जी मी माहितीच्या अधिकारात मागितली होती. तुम्ही स्वैपाक करायचे त्या मौद्याकडच्या बंगल्यावर कोणकोण मुक्कामाला यायचं, नर्सिंग कॉलेजच्या मुलींना नोकरीच्या मुलाखतीला म्हणून तिथं कोण पाठवायचं, सगळं त्यात आहे असं पेपरात आलं होतं. असेलही बाप्पा. मला मिळालेल्या प्रतीत प्रत्येक नावावर काळी शाई आहे. "सदर दिवशी" मग काळी पट्टी, मग "हे मुक्कामास होते." कोणाचं पद काळं, कोणाच्या गाडीचा नंबर काळा. खाली टीप, की व्यक्तीच्या खाजगीपणास बाधा येऊ नये म्हणून तपशील वगळला आहे. आणि नवव्या पानावर तक्रार करणाऱ्या पोरीचं नाव उघडं ठेवलेलं, गावासकट. तिच्यापाशी येईपर्यंत शाई संपली असेल बहुतेक.

दुसरी गोष्ट म्हणजे चार ओळींचं पत्र. "आपण नमूद केलेली वही या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही."

बाबा, आपली वही हरवली. हरवली म्हणते, कारण दुसरा शब्द लिहायला हात धजत नाही.

तुमचे उस्ताद तुम्हाला शिकवून गेले होते ना, की खानसाम्यानं वही ठेवावी? पाहुणा कोण, त्यानं काय मागितलं, काय आवडलं आणि ताटात परत काय आलं. विशेष करून परत काय आलं. तुम्ही म्हणायचे, "सायेब तोंडानं मस्त झालं म्हणते अन् अर्धी वाटी तशीच सोडते. म्या तोंडाकडे नाही पाहत, ताटाकडे पाहतो." नर्सिंग कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या बंगल्यावर तुम्हाला नोकरी लागली तेव्हाही ही सवय तुम्ही सोबत नेली. फक्त लिहिता येत नव्हतं. दुसरीत शाळा सुटलेला माणूस, अक्षर लावून लावून वाचायचा, पण पेन धरला की बोटं आखडायची.

म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी तुम्ही कामठीला घरी यायचे. अंघोळ, चहा, आणि मग, "बेबी, आण वं वही." मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही आठवडाभराचं डोक्यात साठवून आणायचे आणि दारात पाट टाकून सांगायचे. मी लिहायची. अमुक साहेब, शुक्रवार, तिखट चालत नाही, फुलके पातळ. तमुक साहेब, सोबत दोन जण, सावजी रस्सा मागितला, घाम पुसत पुसत खाल्ला. मला मोठी गंमत वाटायची. पेपरात ज्यांचे फोटो यायचे ते वांग्याचं भरीत दोनदा मागतात, हे अख्ख्या कामठीत फक्त मला माहीत होतं.

"नीट लिही, पुस्तकावानी लिही," तुम्ही सांगायचे. तुम्ही आपल्या बोलीत बोलायचे आणि मी ते शाळेच्या मराठीत बसवायची. आजही पाहा, तुम्हालाच लिहिते आहे आणि भाषा तीच, शाळेची. सवय जात नाही.

त्या एका रविवारी तुम्ही चहा अर्धा ठेवला होता. आठवतं? तुम्ही म्हणाले, "एक ताट वर नेलं होतं, पोरीसाठी. तिनं हातच नाही लावला वं. वरणभात तसाच, पोळीची घडी बी नाही मोडली. आतमंदी रडून राहिली होती. जिन्यावर आवाज येत होता." मी ऐकलं आणि लिहिलं, "एक ताट परत." बस, तीन शब्द. वहीत जागा कमी, आणि आमच्या बाई सांगायच्या की मुद्द्याचं तेवढंच लिहावं. तुम्ही विचारलं, "लिहिलं?" मी म्हटलं, "हो."

पुढच्या तीन वर्षांत ते तीन शब्द मी किती वेळा लिहिले ते मोजायची हिंमत नाही. कधी साहेब एक, कधी साहेब दुसरे, मुलगी कधी हीच, कधी दुसरी. तुम्ही सांगायचे कमी कमी आणि मी लिहायची तेवढंच. शेवटी शेवटी तर तुम्ही फक्त म्हणायचे, "अन् ते ताट, नेहमीसारखं." मला कळत नव्हतं असं नाही, बाबा. एकोणीस वर्षांची होते. न कळायला काय झालं होतं?

आता ते सांगते जे आपण दोघं कधी बोललोच नाही.

तुमची बीपीची गोळी घरी राहिली होती म्हणून मी बंगल्यावर आले होते. दुपारची वेळ, अंगणात दोन पांढऱ्या गाड्या, ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत. एका गाडीतून उतरणारे साहेब मी डोळ्यांनी पाहिले. वहीत त्यांचं नाव मी इतक्यांदा लिहिलं होतं की ओळखायला वेळ लागला नाही. मी मागच्या दारानं स्वैपाकघराकडे गेले, तर दाराशी ती उभी. नर्सिंगचा पांढरा ड्रेस, एका पायात चप्पल नव्हती. माझ्याच वयाची. मला म्हणाली, "ताई, बस कुठून मिळते?"

मी म्हटलं, "मौद्याच्या स्टँडवरून. इथून सरळ रस्ता आहे."

एवढ्यात तुम्ही आले. हाताला कणीक तशीच. तुम्ही तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "बेबी, तू निघ. बस चुकंल." आवाज असा होता की मी गोळी ओट्यावर ठेवली आणि निघाले. मौद्याच्या स्टँडवर त्याच बसमध्ये बसले जी तिला हवी होती. माझ्या बाजूची सीट कामठीपर्यंत रिकामी होती. ती सीट मी अजून विसरले नाही.

काहून तुम्ही तिला माझ्यासोबत नाही पाठवलं? दोन मिनिटांचं काम होतं. म्हणायचं होतं ना, ही माझ्या बहिणीची पोरगी, हिला घेऊन जा. ड्रायव्हर पत्त्यांत रमलेले होते. कोणी विचारलं नसतं. आणि मी काहून तिचा हात नाही धरला? मी तर कोणाची नोकर नव्हते.

त्यानंतरही तुम्ही तिथं स्वैपाक करत राहिले. या गोष्टीवर मी तुमच्यावर रागावून आहे, आजही. भीती होती हे समजते. ज्यांना पोळ्या वाढत होते त्यांच्याविरुद्ध कोणत्या ठाण्यात जाणार होते तुम्ही? ठाण्याचे साहेबही कधीमधी जेवायला यायचे, त्यांना लिंबाचं लोणचं लागायचं, मीच लिहिलं आहे. पण नोकरी तर सोडता आली असती. घरी येऊन बसले असते, आपण चटणी-भाकर खाल्ली असती. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुम्ही दोनदा विचारलं, "ते वही आहे न वं?" मी म्हटलं, आहे, पिठाच्या डब्यामागे आहे. तुम्ही डोळे मिटले. मला वाटलं ग्लानीत बोलताय. आता वाटते, तेवढी एकच गोष्ट तुम्ही शुद्धीत विचारली होती.

तुम्ही गेल्यावर चार-सहा महिन्यांनी तिनं तक्रार केली. हो, तीच, बसवाली. आता नर्स आहे, मौद्याच्या पलीकडच्या एका गावात दवाखान्यात काम करते. तिच्यामागून आणखी दोघी पुढे आल्या. पेपरात रोज पहिल्या पानावर. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते टीव्हीवर म्हणाले की बंगला विश्रामासाठी आहे, कोण येते कोण जाते याची नोंद आमच्याकडे नसते. शासनानं समिती नेमली आणि जाहीर केलं, ज्यांच्याकडे काही कागदपत्रं असतील त्यांनी आणून द्यावीत, सगळं पारदर्शक होईल.

मी तो शब्द धरून बसले, बाबा. पारदर्शक.

पिठाच्या डब्यामागून वही काढली, फडक्यानं पुसली. अर्ज लिहिला. तुम्हाला ठाऊक आहे, मी तहसीलमध्ये कंत्राटी का होईना पण अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. "माझे दिवंगत वडील यांची वही सादर करीत आहे." खाली, "सोबत : वही, एक." नागपूरला जाऊन समितीच्या ऑफिसात स्वतः दिली, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, गोल शिक्का, सही, तारीख. शिक्का बसला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. बाहेर येऊन ऊसाचा रस प्यायले.

मला विचारा, झेरॉक्स काढली का? नाही काढली. आपल्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याच्या हाती वही द्यायची मला भीती वाटली. तो वाचेल, चार जणांना सांगेल. झेरॉक्सवाल्याची भीती वाटली आणि साहेबाची नाही वाटली! मोबाईलनं फोटो काढता आले असते, तेही नाही. खरं सांगते, तुमच्यापाशी काय लपवायचं, ती वही मला घरात नकोच होती. सरकारच्या गळ्यात टाकायची होती आणि मोकळं व्हायचं होतं. ऑफिसात मी लोकांना रोज सांगते, पोचेवर पानं लिहून घ्या, मजकूर लिहून घ्या. आणि स्वतःच्या पोचेवर काय, तर "वही, एक." आता ते म्हणतात, कोणती वही? कोरी असेल. पोरांच्या गृहपाठाची असेल. माझ्या हातातल्या शिक्क्यावरून एवढंच सिद्ध होते की मी एक वही दिली.

मी चपला झिजवल्या बाबा. अर्ज, महिनाभर उत्तर नाही, मग अपील, मग सुनावणी, साहेब रजेवर, पुन्हा सुनावणी. एक बाबू मला म्हणाला, "म्याडम, तुम्ही आपल्याच खात्यातल्या. समजून घ्या न." माझ्या साहेबांनी परवा बोलावलं आणि माझं कंत्राट मार्चमध्ये संपते याची आठवण करून दिली. नुसती आठवण. पाणी पाजून.

आणि मागच्या आठवड्यात आपल्या घरी एक माणूस आला. तुमच्या ओळखीचा, बंगल्यावरचा जुना ड्रायव्हर. हातात केळी. आईला नमस्कार केला, तुमच्या फोटोला हार घातला. मग म्हणाला, "काकी, काकाजी देवमाणूस. पण कोर्टात विचारतीन न, सैपाक कोण करे? वरतं ताट कोण ने? त्या पोरीले पाहून चूप कोण राह्यलं? मेलेल्या माणसाचं नाव काहून खराब करून राहिले तुम्ही?" आई तेव्हापासून धड जेवत नाही. मला म्हणते, "बेबी, वही गेली तर गेली. सुंठीवाचून खोकला गेला समज. तुह्या बापाले झोपू दे." आणि मला चीड आली ती ही, की तो माणूस खोटं बोलत नव्हता.

काल पाकीट घेऊन मी संध्याकाळीच वकीलबाईंकडे धरमपेठेत गेले. ती पोरींची केस तीच लढते, लहानशीच आहे, माझ्याहून पाच-सात वर्षांनी. तिनं चार ओळी वाचल्या आणि कपाळाला हात लावला. सोमवारी सुनावणी आहे. समोरचे म्हणणार की पोरी आता पढवून आणल्या आहेत, त्या काळातला एकही पुरावा नाही. वही असती तर ते म्हणता आलं नसतं. ती म्हणाली, "वडील लिहायचे तेव्हा कोणी पाहिलं असेल का, ताई? एखादा साक्षीदार?"

मी म्हटलं, "वडिलांना लिहिता येत नव्हतं."

तिनं विचारलं, "मग वही कोणी लिहिली?"

"मी."

तिनं पेन खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "हे तुम्ही अर्जात काहून नाही लिहिलं?"

काहून नाही लिहिलं, बाबा? मी बसमध्ये घरी येईपर्यंत याच एका प्रश्नावर अडले होते. "माझ्या दिवंगत वडिलांची वही" असं लिहिलं, कारण तुम्ही गेलेले. तुम्हाला कोणी समन्स पाठवणार नव्हतं. तुमच्या नावामागे मी लपले. त्यांनी साहेबांच्या नावावर शाई फासली म्हणून मी काल रडले, आणि स्वतःच्या नावावर मी वर्षभरापूर्वीच फासून ठेवली होती. कोणी सांगितलंही नव्हतं.

वही हरवली, पण तिच्यात काय होतं ते मला तोंडपाठ आहे. कोणते साहेब, कोणता वार, कोणाला तिखट चालत नाही. आणि वहीत जे नव्हतं तेही. पोळीची घडी, जिन्यावरचा आवाज, एका पायातली चप्पल, पांढरी गाडी. ते सगळं माझ्याजवळ आहे, कोणत्याच अभिलेखात कधी नव्हतं, म्हणून कोणाला गहाळ करता येणार नाही. वकीलबाई म्हणाली, तुम्ही स्वतः लिहिलं आणि स्वतः पाहिलं, तुमचं म्हणणं कोर्टाला ऐकावंच लागेल. मानतील की नाही ते सांगता येत नाही असंही म्हणाली. खोटी आशा ती देत नाही, म्हणून मला ती आवडते.

मी उभी राहिले तर पहिला प्रश्न येईल, तुमचे वडील तिथं काय करायचे. दुसरा येईल, त्यांना माहीत होतं का. आणि मला हो म्हणावं लागेल. माझे वडील भले होते, गरीब होते, घाबरलेले होते, हे सगळं मी सांगीन, पण आधी हो म्हणावं लागेल. त्यांना माहीत होतं आणि ते चूप राहिले. मलाही माहीत होतं आणि मीही चूप राहिले. पेपरात छापून येईल. कामठीत लोक वळून पाहतील. आईला काय तोंड दाखवू, ते अजून ठरलं नाही. नोकरी तर गेल्यातच जमा आहे.

सकाळी आईला सांगितलं. ती तुमच्या फोटोकडे पाहत बसली. मला वाटलं रडेल. मग म्हणाली, "तुहा बाप दर रविवारी ताट पुढं घेऊन बसे अन् एक घास खाऊन उठे. त्या तीन वर्षांत. मले वाटे माह्या हातची चव गेली." उठून तिनं तो हार काढला, ड्रायव्हरनं घातलेला, वाळलेला. केळी तर केव्हाच गायीला घातली होती. एवढंच बोलली ती. हो म्हणाली की नाही म्हणाली, मला कळलं नाही.

आता शाळेची मराठी पुरे. तुमच्याशी तुमच्यावानीच बोलतो.

बाबा, मी लय भेली आहो. मले माहीत आहे का काही नाही होईन, ते सुटतीन, मोठ्या लोकाइचं कोणी काही करत नाही. पण त्यायची नावं उघडी करा म्हणून म्या वर्षभर भांडली, अन् माह्या बापाचं नाव झाकून ठेवू का? तेवढं नाही जमत मले. तुमच्या नावावर मी शाई नाही मारणार. रागवा, नाही तर माफ करा, तुमाले जे वाटंल ते.

तिनं वकीलबाईले सांगितलं म्हणे, का कोर्टात एकटीनं यायची हिंमत होऊन नाही राहिली. नाव छापून आल्यापासून गावात लोक पाहत राहतात. म्हणून सोमवारी सकाळी मी पहिल्या गाडीनं मौद्याले जातो. स्टँडवर उभी राहतो. ती आली का तिचा हात धरतो अन् नागपूरच्या बसमंदी माह्या बाजूच्या सीटवर बसवतो. सोबत डबा नेतो, वरणभात अन् पोळी, तुम्ही शिकवली तशी पातळ. ती खाईन तर खाईन. नाही खाल्लं तर ते बी कोर्टात सांगीन, पुरं सांगीन, तीन शब्दात नाही.

तुमची,
वही लिहिणारी बेबी